तबकडी आणि बैठक

केसरबाई केरकरांची भैरवी आज सूर्यापासून अब्जावधी किलोमीटर दूर आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यासाठी जगभरातलं संगीत निवडलं, तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीतज्ञाने केसरबाईंच्या नावाचा आग्रह धरला. ध्वनिमुद्रिका सहज मिळत नव्हती. शोधाशोध केल्यावर ती न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात सापडली. यानांपैकी शेवटचं ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. ज्यांच्या बैठकीत एकेका रागाला तास अपुरा पडे, ज्यांनी अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेऊन दमसास आणि लयीची वीण कमावली, त्यांचं गाणं पृथ्वीबाहेर गेलं ते साडेतीन मिनिटांत मावून. केसरबाईंना समोर बसून ऐकलेली माणसं म्हणत आली, की बाईंचं गाणं तबकडीत सापडत नाही. तक्रार खरी आहे. पण ती भैरवी कान देऊन ऐकावी. पहिल्या सुरापासून आवाज पूर्ण उघडलेला आहे, एकही जागा चाचपडत घेतलेली नाही, आणि शेवट आला तेव्हा गाणं तोडल्यासारखं वाटत नाही. बैठकीत हे असं नसतंच. तिथे आवाज तापायला वेळ लागतो, राग हळूहळू कब्जा घेतो. तबकडीवर गाताना केसरबाई वेगळं काहीतरी करत होत्या आणि ते त्यांना पूर्णपणे ठाऊक होतं.

हे ‘वेगळं काहीतरी’ म्हणजेच या लेखनाचा विषय. हिंदुस्थानी संगीतातला गवई ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासमोर बसतो तेव्हा काय करतो, आणि रसिकांसमोर बसतो तेव्हा काय करतो? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुधा एका वाक्यात दिलं जातं: खरं गाणं मैफलीतलं, रेकॉर्ड म्हणजे तिची आठवण. पुढच्या पानांचा या उत्तराला विरोध आहे. तबकडी ही गाण्याची स्वतंत्र जात आहे. तिचे नियम निराळे, तिची अवघड जागा निराळी, आणि मोठ्या कलावंतांनी ती निराळी म्हणूनच हाताळली.

सुरुवात कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या ऑक्टोबर अखेरीस तिथे उतरला. नोव्हेंबरमध्ये एका हॉटेलच्या खोल्यांत त्याने यंत्र मांडलं आणि त्याच महिन्यात गौहर जानचा आवाज मेणावर उतरला. त्या खोलीत काय घडत होतं ते डोळ्यांसमोर आणणं गरजेचं आहे. ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन यायला अजून वीसेक वर्षं होती. भिंतीतून किंवा पडद्यातून एक मोठा कर्णा बाहेर आलेला. गाणाऱ्याने तोंड थेट त्या कर्ण्यात घालायचं, आणि आवाज बारीक होऊ द्यायचा नाही, कारण मेणाच्या तबकडीवर खाच पाडणारी सुई केवळ त्या आवाजाच्या धक्क्याने हलणार. साथीदार जवळ कोंबून बसवलेले. मान हलवली की सूर कर्ण्याबाहेर. हात वर करून तान घ्यायची सवय असेल तर तीही आवरायची. चूक झाली तर खोडायची सोय नाही. ती तबकडी बाद, नवं मेण, पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सगळं तीन मिनिटांच्या आसपास संपलं पाहिजे.

गौहर जान गाणं संपता संपता मोठ्याने म्हणायची, ‘माय नेम इज गौहर जान’. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं, नावाचं लेबल चुकू नये, म्हणून ही घोषणा. पण आज ती ऐकताना आधी जाणवतो तो तिचा आत्मविश्वास. समोर एकही श्रोता नाही, वाहवा नाही, तरी जिथे आवाज जाणार आहे त्या अनोळखी घरांना उद्देशून ती बोलते आहे. बैठकीची राणी असलेल्या या बाईला यंत्रापलीकडचा श्रोता दिसला होता. तिने त्या तीन मिनिटांत ख्यालाचा किंवा ठुमरीचा एक घाट बसवला: चीज लगेच सुरू, मोजकी बढत, बोलांशी थोडा खेळ, तानांची सर, मुखडा, समाप्ती. पुढची कित्येक वर्षं भारतभरच्या गवयांनी याच घाटात गाऊन पाहिलं.

सगळ्यांनी नाही. जुन्या उस्तादांना या कर्ण्याची धास्ती होती. आवाज यंत्रात गेला की गळ्यातून जातो, असं मानणारे होते. घराण्याची विद्या चार आण्यांच्या चहाच्या दुकानात वाजेल, कोणीही उचलेल, ही भीती त्याहून खरी होती. अल्लादियाखाँचा आवाज ध्वनिमुद्रिकेवर नाही. भास्करबुवा बखल्यांचाही नाही. १९२२ साली बुवा गेले आणि ज्यांच्या गाण्याने महाराष्ट्राच्या दोन पिढ्या घडल्या त्यांचा एक सूरही आपल्याजवळ उरला नाही. आपण त्यांना शिष्यांच्या गळ्यातून आणि ‘स्वयंवरा’तल्या पदांच्या चालींतून ओळखतो. हे नुकसान मोजता येत नाही. पण त्यांनी नकार दिला असेल तर त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. जो गवई दोन तासांत राग मांडतो, त्याला तीन मिनिटं देणं म्हणजे त्याच्याकडून त्याचं गाणं मागणंच नव्हे.

१९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला आणि गाण्याचा पोत पालटला. आता कर्ण्याला धडका मारायची गरज उरली नाही. हलका आवाज, श्वासाच्या काठावरचा सूर, मींडेतली थरथर हे सारं तबकडीवर उतरू लागलं. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण अब्दुल करीमखाँ. १९०५ च्या सुमारास तरुण वयात त्यांनी कर्ण्यापुढे गायलेल्या तबकड्या आहेत, आणि १९३७ साली त्यांचा मृत्यू होण्याच्या आधीच्या काही वर्षांत ओडियन कंपनीसाठी मायक्रोफोनपुढे गायलेल्याही आहेत. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. मधे वय आहे, साधना आहे, तशीच यंत्राचीही एक क्रांती आहे. उत्तरकाळातल्या तबकड्यांत खाँसाहेबांना कसलीच घाई नाही. तीनच मिनिटं आहेत हे माहीत असूनही ते एका निषादावर थांबतात, सुरात सूर विरघळू देतात, तंबोऱ्याला बोलू देतात. वेळ कमी असेल तर जास्त माल भरावा, हा मोह त्यांनी टाळला. तीन मिनिटांच्या तबकडीची खरी कला इथे पूर्णत्वाला गेली, असं म्हणायला हरकत नाही.

खाँसाहेबांची एक तबकडी गदगच्या एका दुकानात वाजत होती आणि एक मुलगा ऐकत उभा राहिला. झिंझोटीतली ती ठुमरी ऐकून भीमसेन जोशींनी पुढे, अकराव्या वर्षी, १९३३ साली घर सोडलं, गुरूच्या शोधात ग्वाल्हेर-रामपूर-जालंधर पालथं घातलं, आणि शेवटी खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे येऊन ते शिकले. ही गोष्ट महाराष्ट्रात इतकी सांगितली गेली आहे, की तिच्यातली मुख्य बाब नजरेतून सुटते. त्या मुलाने खाँसाहेबांची बैठक ऐकली नव्हती. त्याला जे वेड लागलं ते रेकॉर्डने लावलं.

त्याच सुमारास बेळगावकडचा दुसरा एक मुलगाही रेकॉर्डी ऐकत होता. शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवी. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये अकरा-बारा वर्षांच्या कुमारने जाणत्या श्रोत्यांना थक्क केलं. यानंतर प्रो. बी. आर. देवधरांकडे त्यांची तालीम सुरू झाली, आणि उचललेलं गाणं बाजूला सारून स्वतःचं गाणं शोधायचा लांबचा रस्ता त्यांनी धरला. एका मुलाला तबकडीने घराबाहेर काढलं. दुसऱ्याला तिच्या पकडीतून सुटावं लागलं. ध्वनिमुद्रण गुरूही होतं आणि साचाही, हे या दोन आयुष्यांइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही.

बालगंधर्वांचा दाखला मात्र अधिक गुंतागुंतीचा, आणि मराठी माणसाला सर्वांत जवळचा. गंधर्व नाटक मंडळीचे प्रयोग रात्रभर चालत. ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा, आणि पुन्हा म्हणजे तसंच नाही. प्रत्येक वेळी नवी जागा, शब्दाला नवा लाड, ऑर्गन आणि तबल्याशी नवी देवघेव. एकेक पद बराच वेळ रंगे. रंगमंचावर मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल एवढा आवाज फेकायचा आणि तरीही तो लडिवाळ ठेवायचा, ही त्यांची किमया. तेच पद तबकडीवर आलं की तीन मिनिटांचं. वन्स मोअर नाही, भामिनी किंवा रुक्मिणी म्हणून डोळ्यांसमोर उभी राहणारी मूर्ती नाही, समोरच्या प्रेक्षागृहाची ऊब नाही.

आणि आज आपल्याकडे उरलं आहे ते हे तीन मिनिटांचं. नाट्यसंगीत शिकणारी मुलं या तबकड्यांवरून जागा बसवतात. एका विशिष्ट दिवशी, यंत्राच्या घाईत घेतलेली एक हरकत ‘बालगंधर्वांची जागा’ म्हणून कायमची ठरून गेली. रंगमंचावर कदाचित ती त्यांनी दुसऱ्या रात्री घेतली नसेल. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम मांडला तेव्हा त्यांनी नेमकं हेच ओळखलं होतं. त्यांनी जागांची नक्कल केली नाही. त्या जागा ज्या विचारातून येतात तो विचार पकडला, आणि तबकडीत गोठलेली पदं पुन्हा बैठकीत आणली.

लाँग प्ले तबकडी आपल्याकडे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस रुळली, आणि तीन मिनिटांची एकेका बाजूला वीसेक मिनिटं झाली. आता विलंबित ख्याल मावू लागला. उस्ताद अमीरखाँ यांची १९६० ची मारवा आणि दरबारीची तबकडी या बदलाचं शिखर. मारव्याची बाजू लावावी. झुमऱ्याचा ठेका इतका संथ, की मात्रांमधली मोकळी जागाच ऐकू येते. खाँसाहेब षड्जावर येतच नाहीत. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यात घिरट्या घालत राहतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात षड्जाची ओढ वाढत जाते. तो लागतो तेव्हा दार उघडल्यासारखं वाटतं. इथे टाळ्या नाहीत, कोणाला खूश करायची गरज नाही. बैठकीतही डोळे मिटून, हातवारे न करता, स्वतःत बुडून गाणाऱ्या या गायकाला स्टुडिओची शांतता मानवली असणार. हिंदुस्थानी गायकाच्या कोणत्याही मैफलीच्या ध्वनिफितीपुढे ही बाजू कमी ठरत नाही, आणि ती स्टुडिओतच घडू शकली असती, हे ठामपणे नोंदवायला हवं.

यंत्राच्या पलीकडे बसलेल्या माणसांकडेही बघायला हवं. एचएमव्हीत अनेक दशकं काम केलेले जी. एन. जोशी हे स्वतः मराठी भावगीताच्या पहिल्या फळीतले गायक. गवयाचा स्वभाव ओळखणं, लहरी उस्तादांना स्टुडिओपर्यंत आणणं, कुठे थांबवायचं आणि कुठे जाऊ द्यायचं हे ठरवणं, हे त्यांचं काम. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्याच कारकिर्दीतली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, प्रहरांच्या रागांतून. मैफलीत असा क्रम कोणी मांडला नसता. एका बैठकीत पहाट आणि रात्र दोन्ही येत नाहीत. ही कल्पना तबकडीसाठी सुचलेली, तबकडीतच पुरी होणारी.

किशोरी आमोणकरांकडे येताना सूर सावध करावा लागतो. त्यांच्या मैफलीचा अनुभव घेतलेल्यांना तंबोरे जुळेपर्यंत लागणारा वेळ आठवत असेल. जवारी मनासारखी बोलेपर्यंत ताई सुरुवात करत नसत, आणि सभागृहातली कुजबुज त्यांना खपत नसे. राग ही एक भावावस्था आहे, ती यावी लागते, घड्याळ लावून आणता येत नाही, अशी त्यांची धारणा. मग याच ताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी महाराष्ट्रात घरोघरी पोचावी, हे कसं? त्या भूपातली द्रुत ‘सहेला रे’ ही त्यांचीच रचना. वेळेची चौकट ठाऊक असल्यामुळे बढत बांधेसूद आहे, पण बांधलेली वाटत नाही. ताईंनी स्टुडिओत बैठक उभी करायचा प्रयत्न केला नाही. जी अवस्था बैठकीत शोधायला तास लागतो, ती मनात तयार ठेवूनच त्या माइकपुढे बसल्या असाव्यात. त्या तबकडीने ‘सहेला रे’ इतकं लोकप्रिय केलं, की बैठकीत त्याची फर्माईश होऊ लागली. रेकॉर्ड मैफलीत परत आली ती मागणी होऊन. एरवी कोणत्या क्षणी काय सुचेल याची वाट पाहणाऱ्या गायिकेपुढे रसिक एक ठरलेलं गाणं मागत होता.

भीमसेनांच्या बाबतीत हाच प्रवाह वेगळ्या दिशेने वाहिला. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चालींतले अभंग आधी रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांतून लोकांच्या ओठी बसले, आणि त्यांतून ‘संतवाणी’च्या मैफली उभ्या राहिल्या. स्टुडिओत चारपाच मिनिटांत संपणारा अभंग व्यासपीठावर फुलत गेला, टाळकऱ्यांचा गजर चढत गेला, सभागृह विठ्ठलनामात सामील झालं. मैफलीचं गाणं तबकडीत आणायची धडपड आपण नेहमी पाहतो. इथे तबकडीतलं गाणं मैफलीत जाऊन मोठं झालं.

आता स्टुडिओच्या आतली, आजची परिस्थिती. तबलजी काचेपलीकडच्या खोलीत. गायकाच्या कानावर हेडफोन. समेवर दोघांची नजर भेटायची ती काचेतून, नाहीतर नाहीच. प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक, म्हणजे एकाची चूक झाली तर त्याचाच भाग पुन्हा घेता येतो. तान सुटली? तेवढीच पुन्हा गा, जोडून टाकू. चित्रपटगीतासाठी ही सोय वरदान ठरली. ख्यालासाठी ती घातक आहे. कारण ख्यालात चुकीलाही काम असतं. सम जरा पुढे गेली, गायकाने ती सावरायला वेगळा मुखडा घेतला, त्या मुखड्यातून एक बोल निघाला, त्या बोलातून पुढचं सगळं आवर्तन. मधली ती एक चूक कापली तर तिच्यापासून फुटलेलं सगळं झाड अधांतरी उरतं.

पियानोवादक ग्लेन गूल्डचं उदाहरण या ठिकाणी नेहमी दिलं जातं. १९६४ साली त्याने मैफली कायमच्या सोडल्या आणि उरलेलं आयुष्य स्टुडिओला दिलं. अनेक टेकमधले उत्तम तुकडे जोडणं हीच त्याला खरी सर्जनशीलता वाटे. त्याच्या बाबतीत ते खरंही असेल. बाखची रचना कागदावर लिहिलेली होती; तुकडे जोडले तरी ती अखंडच राहणार होती. ख्यालाची संहिता मात्र गाता गाताच लिहिली जाते. गूल्डचा युक्तिवाद आपल्याकडे उसना आणताना हा फरक विसरला की गोंधळ होतो.

तिसराही एक प्रकार आहे, ना तबकडी ना बैठक: मैफलीची ध्वनिफीत. स्पूलचे रेकॉर्डर आले तसे रसिक ते घेऊन बैठकींना जाऊ लागले. घरोघरच्या कपाटांत शेकडो तासांचं गाणं साठलं. मुंबईच्या एनसीपीएसारख्या संस्थांनी आणि आकाशवाणीने पद्धतशीर संग्रह केले. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि दीड तासाचं गाणं देशभर एकाच वेळी ऐकलं जाऊ लागलं. ही संपत्ती अमूल्य आहे. पण तिच्यामुळे गवयावर एक नवं ओझं आलं. पूर्वी बैठकीत एखादा अवघड प्रयोग फसला तर तो त्या रात्रीपुरता. आता समोरच्या प्रत्येक हातात मोबाईल आहे, आणि फसलेली तान सकाळपर्यंत परदेशातल्या रसिकापर्यंत पोचलेली असते. अशा वेळी गायक धोका पत्करायचं टाळतो, खात्रीच्या जागा घेतो, ठरलेला क्रम गातो. म्हणजे बैठकच हळूहळू स्टुडिओसारखी होते. कार्यक्रमाआधी मोबाईल बंद ठेवायची विनंती करणाऱ्या कलावंतांकडे अनेकजण अहंकारी म्हणून बघतात. ते चूक आहे. तो कलावंत चुकण्याचा आपला हक्क मागत असतो, आणि त्या हक्काशिवाय उपज संभवत नाही.

या विवेचनात चित्रपटसंगीत घेतलेलं नाही. ते मुळात स्टुडिओतच जन्मतं आणि मंचावर नंतर येतं. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. कर्नाटक संगीताचाही उल्लेख ओझरता आहे, कारण तिथली कृतीकेंद्री मांडणी आणि सभांची परंपरा यांमुळे प्रश्नाची घडणच बदलते. वाद्यसंगीतापेक्षा कंठसंगीतावर भर आहे. वाचायला सुरुवात करण्यापूर्वी अब्दुल करीमखाँची झिंझोटी आणि अमीरखाँचा मारवा ऐकून घ्यावा, दोन्ही सलग, मधे न थांबता. आणि शक्य असेल तर त्याच आठवड्यात गावातल्या एखाद्या छोट्या बैठकीला जाऊन, माइकपासून दूर न बसता, गायकाच्या समोर सतरंजीवर जागा धरावी. पुढच्या प्रकरणांतली बरीचशी चर्चा या तीन ऐकण्यांना धरूनच चालते.